जंबील आणि रबरी कोंबडी

गेल्या उन्हाळ्यात माझा भाचा सुट्टीत आमच्याकडे राहायला आला होता. वय बारा. यवतमाळचे मे महिन्यातले ऊन, दुपारी बाहेर पडायची सोय नाही. मी कूलरसमोर बसून जुन्या लॅपटॉपवर एक खेळ उघडला होता. तो मागे येऊन उभा राहिला. पाच मिनिटे झाली, दहा झाली. पडद्यावर एक सडपातळ पोरगा समुद्रकाठच्या गावात हिंडतोय, भेटेल त्या चाच्याशी बोलतोय, दिसेल ती वस्तू उचलून खिशात घालतोय. शेवटी भाच्याला राहवले नाही. "मामू, इसमें मरते कब?"

"मरत नाहीत," मी म्हणालो.

"फिर खेलते क्या?"

या प्रश्नाचे नीट उत्तर द्यायचे तर पन्नास वर्षांचा इतिहास सांगावा लागतो. भाच्याकडे तेवढा वेळ नव्हता, मोबाइलवर त्याची 'टीम' वाट पाहत होती. तुमच्याकडे असेल, या भरवशावर लिहितो.

तो खेळ म्हणजे 'द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड'. साल १९९०. बनवणारी कंपनी लुकासफिल्म गेम्स, म्हणजे 'स्टार वॉर्स'वाल्या जॉर्ज लुकासची. या प्रकाराला 'पॉइंट अँड क्लिक अॅडव्हेंचर' म्हणतात. बाणाने जागा दाखवायची आणि माऊस दाबायचा, एवढेच. गायब्रश थ्रीपवुड नावाचा एक बावळट, गोड स्वभावाचा तरुण समुद्री चाचा व्हायला निघतो, त्याची ही गोष्ट. घड्याळाची टिकटिक नाही, बंदूक नाही. पडद्याच्या वरच्या भागात चित्र असते, खाली एका बाजूला क्रियापदांची यादी आणि दुसऱ्या बाजूला खिशातल्या वस्तू. उघड, बंद कर, ढकल, ओढ, घे, दे, बोल, वापर, बघ. आधी क्रियापद निवडायचे, मग वस्तू. मधल्या ओळीत वाक्य तयार होते आणि गायब्रश ते करायला जातो, किंवा का करणार नाही ते सांगतो. व्याकरण शिकवणाऱ्या माणसाला यापेक्षा सुंदर पडदा कुठे दिसणार? अर्धा पडदा आज्ञार्थाने भरलेला!

मला हा खेळ भेटला २००० साली. यवतमाळला एका संगणक क्लासमध्ये मी संध्याकाळी टायपिंग शिकवायला जायचो. क्लासच्या मालकाने नागपूरहून एक सीडी आणली होती, शंभर खेळ एकात. चोरीची होती, हे आज कबूल करतो. पुढे पगार सुरू झाल्यावर तेच खेळ पैसे देऊन घेतले आणि मनाची टोचणी कमी केली. बाकीचे नव्याण्णव खेळ पोरांनी दोन दिवसांत संपवले. हा एक उरला, कारण त्यात काय करायचे ते कुणाला कळेना. माझे इंग्रजी तेव्हा यथातथाच होते. पण क्रियापदे समोर लिहिलेली असल्याने निभावून गेले. वीज गेली की सगळे पुसले जायचे, आणि यवतमाळात वीज जायचीच.

पहिल्याच दिवशी एक गोष्ट ओळखीची वाटली. या पोराच्या खिशात काहीही मावत होते. फावडे, भांडे, मेलेला मासा, आणि मधोमध कप्पी बसवलेली एक रबरी कोंबडी. ही कोंबडी पुढे एका दरीवरच्या तारेवर अडकवून घसरत पलीकडे जायला लागते, पण ती उचलताना ते कुणाच्या बापाला कळणार नाही. मला एकदम दादी आठवली.

माझ्या दादीला लिहिता येत नव्हते, पण अमर अय्यारचे किस्से तिला तोंडपाठ होते. अमर अय्यार म्हणजे अमीर हम्ज़ाचा जिगरी दोस्त. हम्ज़ा तलवारीचा धनी, अमर युक्तीचा. त्याच्या खांद्याला एक झोळी, तिचे नाव जंबील. तिच्यात तंबू मावतो, हत्ती मावतो. दास्तान तर सांगते की जंबीलच्या आत अख्खी शहरे वसलेली आहेत. अमर एक नंबरचा चिक्कू. जादूगाराला बेहोश केले की त्याचे दागिने, कपडे, चटई, सगळे जंबीलमध्ये. आज निरुपयोगी वाटणारी वस्तू चार रात्रींनंतर नेमकी कामी यायची. ज्यांना दास्तान माहीत नाही त्यांनाही 'अय्यार' हा शब्द १९९४ साली दूरदर्शनच्या 'चंद्रकांता' मालिकेने घरोघर पोहोचवला. देवकीनंदन खत्रींनी ती कादंबरी १८८८ साली लिहिली, आणि त्यातला अय्यार व तिलिस्म दोन्ही याच दास्तानच्या दारातून आले. आमच्या पिढीने क्रूरसिंहाचे 'यक्कू' पाठ केले, अय्यारांचा बटवा मात्र विसरलो.

तर गायब्रश हा माझ्यासाठी अमर अय्यारचा दूरचा चुलतभाऊ ठरला. तो खेळ बनवणाऱ्यांनी अमरचे नाव ऐकले असेल असे मला मुळीच वाटत नाही. भुकेल्या माणसाला जगभर भाकरी सुचते, तसे हे आहे.

आता इतिहास. अमेरिकेत विल क्राउदर नावाचा एक प्रोग्रामर होता. केंटकी राज्यातल्या मॅमथ केव्ह या प्रचंड गुहांमध्ये उतरून नकाशे करायचा त्याला छंद. घटस्फोट झाला, मुली दूर गेल्या. त्यांना आवडेल असे काहीतरी करावे म्हणून त्याने १९७५-७६ च्या सुमारास त्या गुहेवर एक खेळ लिहिला. चित्र नाही, फक्त मजकूर. तुम्ही कुठे आहात ते संगणक सांगणार, तुम्ही दोन शब्द टाइप करणार: एक क्रियापद, एक नाम. १९७७ मध्ये डॉन वूड्स याने त्यात भर घातली आणि हा 'अॅडव्हेंचर' विद्यापीठांच्या संगणकांवरून पसरला. संपूर्ण प्रकाराला नावच त्याच्यावरून पडले. बाप मुलींशी बोलू पाहतोय, इथून हे सगळे सुरू झाले हे मला विसरता येत नाही.

१९८० मध्ये कॅलिफोर्नियात रॉबर्टा विल्यम्स आणि तिचा नवरा केन यांनी 'मिस्टरी हाउस'मध्ये या मजकुराला रेघोट्यांची चित्रे जोडली. त्यांची कंपनी पुढे सिएरा म्हणून प्रसिद्ध झाली. १९८४ च्या 'किंग्ज क्वेस्ट'मध्ये राजाचा सरदार चित्रात चालू लागला. पण दोन दुखणी तशीच राहिली. एक, शब्द टाइप करावे लागत. लेखकाच्या मनात 'उचल' असेल आणि तुम्ही 'हातात घे' लिहिले तर संगणक म्हणणार, समजले नाही. आमच्या बोर्डाच्या पेपर तपासणीसारखेच. दुसरे दुखणे मरण. सिएराच्या खेळात जिना उतरताना पाय घसरला तरी माणूस मरायचा. त्याहून वाईट म्हणजे न मरता फसायचा. 'किंग्ज क्वेस्ट ५' मध्ये भूक लागली म्हणून जवळचा पाय, म्हणजे ती गोड पेस्ट्री, खाऊन टाकली, तर पुढे हिममानवाच्या तोंडावर फेकायला काही उरत नाही. चूक झाली तेव्हा कुणी सांगत नाही. शिक्षा कित्येक तासांनी. न्यायासाठी हेही सांगतो की याच सिएराच्या 'स्पेस क्वेस्ट' मालिकेत मरण हाच विनोद होता. लोक मुद्दाम वेगवेगळ्या तऱ्हांनी मरून बघायचे. तरी मरणारा मरायचाच.

लुकासफिल्मच्या रॉन गिल्बर्टने गॅरी विनिकबरोबर १९८७ मध्ये 'मॅनिअॅक मॅन्शन' केला. शब्द टाइप करणे त्याने काढून टाकले आणि क्रियापदे पडद्यावर मांडली. त्यासाठी बनवलेल्या साधनाचे नाव स्कम. या पहिल्या खेळात मरण होते अजून. १९८९ मध्ये गिल्बर्टने या प्रकारच्या खेळांचे काय चुकते यावर एक लेख लिहिला: खेळणाऱ्याला विनाकारण मारू नका, मागे परतता येणार नाही अशा गल्लीत नकळत ढकलू नका. आणि पुढच्या वर्षी, ज्या वर्षी 'किंग्ज क्वेस्ट ५' आला त्याच १९९० मध्ये, टिम शेफर आणि डेव्ह ग्रॉसमन यांना सोबत घेऊन त्याने 'मंकी आयलंड' बाजारात आणला. त्यात एका ठिकाणी गायब्रश कड्यावरून कोसळतो. सिएराच्या खेळात यायची तशी चौकट पडद्यावर येते, खेळ संपल्याची. आणि क्षणभराने गायब्रश खालून उसळी मारून परत वर येतो. खाली रबराचे झाड होते म्हणे!

मात्र नुसते मरण काढले म्हणून हे खेळ टिकले, असे मला वाटत नाही. मरण काढले की भीती जाते, आणि भीतीची जागा रिकामी राहते. ती कशाने भरली, हे बघायला हवे.

लखनौ-दिल्लीच्या दास्तानगोंमध्ये एक शब्द होता, दास्तान रोकना. गोष्ट पुढे नेणे हे कुणीही करील. ती थांबवून ठेवणे हे उस्तादाचे काम. सांगतात की आशिक माशूकाच्या दाराशी पोहोचला, पडदा उचलायचा तेवढा राहिला, आणि दास्तानगोने तो पडदा कित्येक रात्री उचलूच दिला नाही. मधल्या वेळात काय? शहराचे वर्णन, खाण्याचे वर्णन, अय्यारांचे फटकळ संवाद, हशा. लोक उठून जात नसत, कारण थांबलेल्या जागीच मजा होती.

अॅडव्हेंचर खेळही थांबवणारा प्रकार आहे. दार बंद, किल्ली सापडत नाही, गोष्ट अडली. आता खेळणारा काय करतो? वेड्यासारखे काहीही करून बघतो. कोंबडी दाराला लाव. मासा पहारेकऱ्याला दे. फावड्याशी बोल. आणि इथे या लोकांची खरी मेहनत आहे. फावड्याशी कुणीतरी बोलेल, हे त्यांनी आधीच ओळखले आणि त्याचे उत्तर लिहून ठेवले. बरोबर उत्तर एकच असते, ते लिहायला एक ओळ पुरते. चुकीची उत्तरे शेकडो, आणि त्यांतल्या कितीतरी चुकांसाठी वेगळा विनोद. मी चुकलो तर माझी चूक कुणीतरी माझ्या आधी करून बघितली होती, हसला होता, आणि माझ्यासाठी चिठ्ठी ठेवून गेला होता. यवतमाळच्या त्या कोंदट खोलीत एकट्या बसलेल्या मला असे वाटायचे की पलीकडे माणूस आहे.

कधी कधी थट्टा अंगाशीही यायची. जंगलात एका झाडाच्या बुंध्यात डोकावले की खेळ फ्लॉपी मागायचा, बाविसावी, मग छत्तिसावी, मग एकशे चौदावी. एवढ्या फ्लॉप्या खोक्यात असणेच शक्य नव्हते. लोकांनी मदतीच्या फोनवर तक्रारी केल्या आणि नंतरच्या सीडी आवृत्तीतून ती थट्टा काढावी लागली. मग 'मंकी आयलंड २' मध्ये खुद्द गायब्रशच जंगलातल्या फोनवरून त्या मदतवाल्यांना फोन लावू शकतो.

तलवारबाजीचे तर काय सांगावे. या खेळात तलवारीची लढाई तोंडाने होते. एकाने टोमणा मारायचा, दुसऱ्याने तोडीस तोड जवाब द्यायचा. जवाब सुचला नाही की मागे सरकायचे. सुरुवातीला तुम्हाला काहीच येत नाही; वाटेतल्या चाच्यांकडून हरत हरत टोमणे आणि जवाब गोळा करायचे. हरल्याशिवाय शिकताच येत नाही, अशी सोयच करून ठेवली आहे. आणि शेवटी जी पट्टीची उस्ताद भेटते तिचे टोमणे वेगळेच असतात. तुमच्याकडच्या जुन्या जवाबांतला कोणता तिथे बसतो ते ओळखायचे. मी माझ्या पद्धतीने उदाहरण देतो. एकजण म्हणाला, "तुझ्यासारखे रोज दोन लोळवतो." जवाब: "आरशासमोर सराव बराच केलेला दिसतो." आता उस्ताद म्हणते, "माझ्यासमोर उभा राहणारा भीतीने पांढराफटक पडतो." जवाब तोच!

हे मराठी माणसाला परके वाटायचे कारण नाही. कलगी-तुऱ्याचे सवाल-जवाब हेच तर होते. पेशवाईच्या उत्तरकाळात होनाजी आणि आमचा सगनभाऊ यांच्यातली चढाओढ शब्दांनीच चालली. डफ-तुणतुण्याच्या फडात जवाब न सुचलेला शाहीर मान खाली घालून मागे सरकायचा, आणि पुढच्या वर्षी तयारी करून यायचा.

पण विनोद भाषेत राहतो, आणि इथेच आमची खरी गोची आहे. 'मंकी आयलंड २' मध्ये एका धबधब्याचा पंप बंद करायला पाना लागतो. मी चार महिने तिथे अडकलो. इंटरनेट नाही, विचारायला कोणी नाही. उपाय असा होता: दारूच्या गुत्त्यात एक माकड पियानो वाजवते, त्याच्यापुढच्या ठोके मोजणाऱ्या यंत्रावर केळे ठेवायचे, माकड त्याकडे टक लावून थिजते, मग ते उचलून खिशात घालायचे आणि पंपाला पाना म्हणून लावायचे. का? कारण अमेरिकन इंग्रजीत एका प्रकारच्या पान्याला 'मंकी रेंच' म्हणतात. बास, एवढेच. इंग्लंडातल्या लोकांनाही हे कळले नाही, कारण ते त्याला स्पॅनर म्हणतात. मी सगळ्या वस्तू सगळ्यांना लावत लावत योगायोगाने तिथे पोहोचलो आणि सुटल्यावरही कळले नाही की सुटले का. रॉन गिल्बर्टने पुढे स्वतःच ही चूक मान्य केली आहे.

कळले तेव्हा मात्र मी बराच वेळ हसलो, आणि मग थोडा उदास झालो. कारण हा विनोद मराठीत किती सुंदर होतो बघा. आपल्याकडे नट आवळायचा तोही पान्हा आणि गाय सोडते तोही पान्हा. नळ अडकला आहे, पान्हा हवा आहे, गोठ्यात गाय उभी आहे. मराठी पोराला हे कोडे घाला, ते कपाळावर हात मारून हसेल. पण असा खेळ मराठीत नाही, उर्दूतही नाही. या खेळांची जर्मन, फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश भाषांतरे त्या काळातच झाली. जर्मनीत तर ही परंपरा इतकी रुजली की हॅम्बुर्गच्या डेडॅलिक कंपनीने 'डेपोनिया'सारखे स्वतःचे विनोदी खेळ केले. भाषांतरातून रोप लागते ते असे. आमच्या पोरांना बंदुकीचे खेळ मिळाले, कारण गोळीचे भाषांतर करावे लागत नाही.

थोडे या खेळांच्या विरोधातही बोलतो. मंकी आयलंडवर नरभक्षक राहतात. ते आता तब्येतीला जपून फळे खातात असा विनोद आहे, जुन्या चाचेकथांची टिंगल करणारा. तरी बेटावरचा माणूस म्हणजे मुखवट्यातला नरभक्षक, ही आकृती तशीच राहते. आमच्या दास्तानमध्येही शत्रू म्हणजे जादूगार काफिर, आणि त्याचे नाक कापले तरी हसायचे. दादीच्या मांडीवर ऐकताना खटकले नाही. वर्गात सांगताना मी तो भाग गाळतो.

१९९३ हे या खेळांचे सोन्याचे वर्ष. शेफर आणि ग्रॉसमनचा 'डे ऑफ द टेंटॅकल' आला. तीन पोरे, तीन वेगवेगळे काळ, दोनशे वर्षांमागे एक, दोनशे वर्षांपुढे एक, आणि मधला आजच्या काळात. एकमेकांना वस्तू पाठवायच्या त्या संडासातून फ्लश करून. आज वाळवणीच्या यंत्रात भरपूर नाणी घालून स्वेटर टाकला की दोनशे वर्षांनी तो आटून उंदराच्या मापाचा निघतो. अमेरिकेच्या इतिहासाची अशी निर्मळ थट्टा मी दुसरीकडे पाहिली नाही. त्याच वर्षी 'सॅम अँड मॅक्स' आला, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात 'डूम' आला, धावा आणि गोळ्या घाला. पुढचे सांगायला नको. १९९८ चा 'ग्रिम फँडँगो' समीक्षकांनी डोक्यावर घेतला, दुकानांत मात्र पडून राहिला.

सगळा दोष बंदुकीला देणे मला पटत नाही. या प्रकाराने स्वतःचाही घात केला. १९९९ च्या 'गॅब्रिएल नाइट ३' मध्ये (हा सिएराचा) एक कोडे आहे: मांजराचे केस चिकटपट्टीने काढायचे, पाकाने ओठावर चिकटवून मिशी करायची, कारण ज्याचे सोंग घ्यायचे त्याला दिसावे तसे. त्या माणसाला मिशीच नाही! म्हणून त्याच्या ओळखपत्रावर पेनाने मिशी काढायची. एरिक वोल्पॉ याने २००० साली यावर एक जहाल लेख लिहिला आणि म्हटले की या खेळांना कुणी मारले नाही, त्यांनी आत्महत्या केली. कोडे अवघड होते म्हणून नव्हे. अडलेल्या जागेत भरायचा हशा संपला होता, नुसते कुलूप उरले होते. दास्तान रोखली होती, पण सांगणारा गप्प बसला होता.

दास्तानचे पुढे काय झाले ते उर्दूवाल्यांना माहीत आहे. लखनौच्या नवल किशोर छापखान्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून तिचे ४६ जाडजूड खंड छापले. 'तिलिस्म-ए-होशरुबा'चा पहिला खंड १८८३ चा, मुहम्मद हुसैन जाह यांचा. दिल्लीचा शेवटचा मोठा दास्तानगो मीर बाक़र अली. उतारवयात तो सुपारी विकायचा. १९२८ मध्ये तो गेला आणि सांगणे थांबले. खंड विखुरले, कागद पिवळा पडून तुटला. अकबराने करवून घेतलेल्या हम्ज़ानाम्याच्या सुमारे चौदाशे चित्रांपैकी थोडीच उरली. त्यांतली काही १८८१ मध्ये श्रीनगरात एका इंग्रजाला सापडली तेव्हा खिडक्या झाकायला वापरली जात होती. शम्सुर्रहमान फ़ारूक़ी यांनी आयुष्य घालून ४६ खंड एकत्र केले, आणि त्यांच्याच प्रोत्साहनाने २००५ मध्ये महमूद फ़ारूक़ी यांनी दिल्लीत दास्तानगोई पुन्हा मंचावर आणली. मधे ७७ वर्षे गेली.

खेळांच्या बाबतीत हे अंतर फार कमी पडले. २००१ मध्ये, म्हणजे 'मंकी आयलंड' अवघा अकरा वर्षांचा असताना, लुडविग स्ट्रिगेउस आणि व्हिन्सेंट हाम या दोन तरुणांनी 'स्कमव्हीएम' नावाचा प्रोग्राम सुरू केला. जुन्या खेळाच्या फाइली त्याला द्या, तो त्या आजच्या यंत्रावर चालवतो. फुकट, आणि जगभरातल्या हौशी लोकांनी वाढवलेला. माझ्या लॅपटॉपवर आज जो गायब्रश हिंडतो तो या लोकांच्या कृपेने. कंपनी बदलली; लुकासआर्ट्सचे खेळ बनवणे २०१३ मध्ये डिस्नीने बंद केले. खेळ राहिले.

लोक म्हणतात, हे सगळे जुन्या आठवणींचे प्रेम आहे. काही प्रमाणात असेल. २०१२ मध्ये टिम शेफरने लोकांकडे एका नव्या अॅडव्हेंचरसाठी चार लाख डॉलर मागितले, तर ८७ हजारांहून अधिक लोकांनी तेहतीस लाखांवर दिले. ते देणारे बहुतेक माझ्याच वयाचे असणार. 'ग्रिम फँडँगो' २०१५ मध्ये आणि 'टेंटॅकल' २०१६ मध्ये नव्या रंगात आले. २०२२ मध्ये गिल्बर्टने 'रिटर्न टु मंकी आयलंड' केला, त्यात अडलेल्यांसाठी खेळातच इशाऱ्यांचे पुस्तक ठेवले. पण माझ्या वर्गातल्या पोरांना कसल्या आठवणी?

वर्गाचे सांगतो. बीएड करताना माझ्या एका सरावपाठावर निरीक्षकांनी शेरा लिहिला होता, "वर्गात हशा झाला." तो दोषांच्या रकान्यात होता. दहा-बारा वर्षे मी त्या शेऱ्याच्या धाकात शिकवले. आमची शाळा उर्दू माध्यमाची. आठवीच्या मुलांना मराठी समजते, बोलायचे म्हटले की तोंडाला कुलूप. चुकलो तर हसतील, ही भीती. मग एकदा मी फळ्यावर डाव्या बाजूला दहा क्रियापदे लिहिली आणि उजवीकडे चित्र काढले: गंजलेला नळ, बादली, गोठा, गाय, झोपलेला रामू. सांगितले की मी संगणक आहे. नळ उघडायचा आहे. एकेकाने मला एक पूर्ण मराठी वाक्य द्यायचे, मी ते करतो.

"गायला बादली दे." मी म्हणालो, वाक्यात थोडी गडबड आहे, संगणकाला समजले नाही. "गाईला बादली दे." गाईने बादली हुंगली आणि परत केली, तिला लाल रंग आवडत नाही. "रामूला उठव." रामू म्हणाला, आज रविवार आहे. "नळाशी बोल." नळ म्हणाला, मी सरकारी आहे, अर्ज द्या. या उत्तराला जो हशा झाला त्याने शेजारच्या वर्गातले सर डोकावून गेले. पस्तीस मिनिटांत चाळीस-पंचेचाळीस वाक्ये झाली. एरवी पूर्ण आठवड्यात एवढी होत नाहीत. आणि एक लक्षात आले: संगणक होणे महाकठीण आहे. प्रत्येक चुकीला नवे उत्तर द्यायचे म्हणजे घाम फुटतो. त्या लुकासफिल्मच्या लोकांबद्दल आदर दुप्पट झाला.

कोडे मात्र सुटेना. गॅरेजवाल्याच्या पोराला नट खोलायचा पान्हा माहीत होता, घरी 'पाना' म्हणतात एवढाच फरक, पण गाईचे त्याला ठाऊक नव्हते. मागच्या बाकावरची एक मुलगी, जिच्या घरी दोन म्हशी आहेत, पुटपुटली की शेजारच्या काकू म्हणतात, म्हशीने पान्हा सोडला. गॅरेजवाला मागे वळला. दोघे एकमेकांकडे बघत राहिले. मग ती उभी राहिली, वर्षभरात पहिल्यांदा स्वतःहून, आणि म्हणाली, "गाईचा पान्हा नळाला लाव." मी संगणक होतो म्हणून टाळ्या वाजवता आल्या नाहीत.

भाच्याकडे वळतो. जायच्या आदल्या दिवशी त्याने पुन्हा विचारले, सच में नहीं मरता? तेव्हा मी त्याला एक गुपित सांगितले. गायब्रश सगळ्यांना सांगत फिरतो की आपण दहा मिनिटे श्वास रोखू शकतो. एका प्रसंगी त्याला जड मूर्तीला दोरीने बांधून समुद्रात फेकतात. आजूबाजूला सुऱ्या-तलवारींचा खच, पण एकही हाताला लागत नाही. तिथे तुम्ही दहा मिनिटे काहीच केले नाही, तर मात्र तो बुडून मरतो. संपूर्ण खेळात मरायची ती एकच जागा.

भाच्याचे डोळे चमकले. मगरिबच्या आधी त्याने गायब्रशला पाण्यात पोहोचवले, मोबाइलवर घड्याळ लावले आणि मांडी घालून बसला. अम्मीने चहाला हाक मारली, उठला नाही. टीमचा फोन आला, घेतला नाही. सात मिनिटे झाली, आठ झाली. गायब्रश तळाशी उभा, बुडबुडे वर जात होते. नऊ मिनिटे होऊन गेली तसा तो पुढे सरकला, 'घे' वर क्लिक केले आणि मग मूर्तीवर. गायब्रशने ती जड मूर्ती अलगद उचलली, खिशात घातली, आणि चालत वर आला.

"मामू," तो बराच वेळ हसून झाल्यावर म्हणाला, "ये तो पहले से उठा सकता था!"